कार ॲम्प्लिफायरची दुरुस्ती, सीताबर्डी: का जळालं ते आधी शोधणारे काका

गाडीतला ॲम्प जळाला तर नागपुरात तो उघडून नीट करणारं कोणी आहे का, असं ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आहे. सीताबर्डीत, मोदी नंबर ३ च्या बाजूच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. दुकानाला पाटी नाही. फोन नंबरही मी देणार नाही, कारण काकांनीच तसं सांगितलं आहे. एक टेबल आणि आयटीआय झालेला एक पोरगा, एवढ्यात जितकं काम होतं तितकं त्यांच्याकडे आधीच असतं. खाली सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत 'गाडीचे ॲम्प कोण उघडतं' एवढं विचारा, कोणीतरी जिना दाखवेल.

आता माझा ॲम्प. मी वर्ध्याला शिकवते आणि राहते नागपुरात, वर्धा रोडलाच. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. गाडी जुनी वॅगनआर. तिच्यात चार चॅनेलचा, एबी क्लासचा ॲम्प आहे. दोन चॅनेलवर पुढच्या दारांतले स्पीकर, आणि उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, डिक्कीतला १० इंची वूफर (खर्जाचा स्पीकर). माझ्या वयाच्या बाईच्या गाडीत वूफर कशाला, असं पुष्कळांना वाटतं. मी लहानपणी बरीच वर्षं तबला शिकले. 'घे' वाजवताना मनगट पुढे सरकवून डग्ग्यातून जी घुमक काढतात, ती कंपनीच्या दारातल्या स्पीकरवर येतच नाही, नुसती थाप येते. विलंबित एकताल ऐकताना डगा नसेल तर मला समेपर्यंतचा रस्ताच दिसत नाही. सकाळी बुटीबोरी मागे पडली आणि केळझरच्या बाजूला रस्ता मोकळा झाला की तो तास माझा असतो, आणि त्या तासासाठी मी वूफर बसवून घेतला.

गेल्या उन्हाळ्यात त्रास सुरू झाला. अर्धा-पाऊण तास वाजलं की वूफर गप्प व्हायचा, थोड्या वेळाने आपोआप परत सुरू व्हायचा. ॲम्प मागच्या सीटच्या पाठीला लावलेला होता, त्याला हात लावला तर चटका बसायचा. दुकानांत विचारलं तर 'उन्हाळा आहे, होतंच' हे उत्तर मिळालं. मग मे महिन्यात परत येताना खापरीजवळ जळकट वास आला, लाल दिवा लागला आणि सगळंच बंद पडलं.

ॲक्सेसरीजच्या ज्या दुकानातून फिटिंग केलं होतं तिथे ॲम्प न उघडताच सांगितलं की बोर्ड गेला, ९,५०० चा नवा टाका. वर, 'साहेबांना घेऊन या, त्यांना समजावून सांगतो.' दुसऱ्या एका ठिकाणी उघडला, जळालेला एक ट्रान्झिस्टर बदलला, ६०० रुपये घेतले. बुटीबोरी यायच्या आत तोच वास. ही दोन्ही दुकानं कोणती हे लिहीत नाही. पण दुसऱ्या दुकानात जे झालं ते शहराशहरांत रोज होत असेल. जे काळं दिसतं ते काढायचं, तसंच नवं लावायचं आणि गिऱ्हाइकाला परत पाठवायचं. भाग ज्या कारणाने जळाला ते कारण जागच्या जागी असतं, मग नवा भागही तिथेच जळतो.

काकांकडे मी ॲम्प पिशवीत घालून मेट्रोने गेले. (तुम्हीही मेट्रोनेच जा. सीताबर्डी इंटरचेंजला उतरून चालत जाता येतं, गाडी लावायला जागा शोधण्यात दुपार जाते.) त्यांनी ॲम्प हातात घेतला, वास घेतला आणि बाजूला ठेवला. स्क्रू-ड्रायव्हर उचललाच नाही. आधी प्रश्न. वूफरला एक कॉइल की दोन? किती ओहमची? ॲम्प कुठे बसवला, आडवा की उभा? किती वेळाने बंद पडायचा, आवाज मोठा असताना की लहान असतानाही? इंजिन बंद ठेवून वाजवता का? मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. वूफर दोन कॉइलचा, दोन्ही चार-चार ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप; जितके कमी तितका करंट जास्त). त्यावर त्यांनी विचारलं, "जोडल्या कशा आहेत जी? एकापाठी एक की शेजारी-शेजारी?" ते मला सांगता आलं नाही. त्यांनी वहीत लिहून ठेवलं.

"ताई, जळालं ते तर दिसूनच राहिलं. कायले जळालं ते पाहू द्या मले आधी."

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं. माझ्यासाठी सगळ्या कामाचा अर्थ त्यात होता.

मग मला स्टूल दिलं आणि समोर बसून पाहू दिलं. ज्यांना आत काय असतं याची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण बिल वाचताना उपयोग होतो. गाडीत १२ व्होल्ट असतात, तेवढ्यात मोठा आवाज निघत नाही. म्हणून ॲम्पच्या अर्ध्या भागात एक छोटा वीजपुरवठा असतो. टीएल ४९४ किंवा तशाच एखाद्या चिपच्या इशाऱ्यावर मॉसफेट जातीचे ट्रान्झिस्टर फार वेगाने चालू-बंद होतात, गोल ट्रान्सफॉर्मरमधून व्होल्टेज वाढतं आणि मग ते उरलेल्या अर्ध्या भागातल्या आउटपुट ट्रान्झिस्टरना मिळतं. एबी क्लासचा ॲम्प जोरात वाजत असताना ओढलेल्या विजेतला जवळजवळ अर्धा भाग उष्णतेत जातो. ती उष्णता बाहेर टाकायला तो पन्हाळीसारखा खाचांचा ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो. म्हणजे ॲम्प गरम होणं हा बिघाड नाही. किती गरम, किती वेळात आणि कोणत्या आवाजाला, यावर बिघाड कळतो.

माझ्या ॲम्पमध्ये झेड ४४ जातीचे चार मॉसफेट एका ओळीत, एका पट्टीखाली सांगाड्याला दाबून बसवलेले होते. एकाच्या पोटाला भोक पडलं होतं, दुसरा बाहेरून धडधाकट दिसत होता पण मीटरवर शॉर्ट निघाला. त्यांच्या पायाशी असलेला एक छोटा रेझिस्टन्स (करंट अडवणारा भाग) पूर्ण काळा, त्याच्यावरचे मूल्य सांगणारे रंगाचे पट्टे गेलेले. जळलेल्या भागाचं मूल्य, म्हणजे तो किती ओहमचा, हे कसं कळणार, असं मी विचारलं. काकांनी शेजारचे तीन भाऊ दाखवले. तपकिरी, काळा, तपकिरी: १०० ओहम. चारही मॉसफेट सारखंच काम करतात, तर चौथ्याच्या पायाशीही १०० च असणार. तरी त्यांनी तिन्ही मीटरवर मोजले, कारण तापलेल्या रेझिस्टन्सचं मूल्य सरकतं. एक खरंच सरकला होता, मग चारही नवे लावले.

यानंतर त्यांनी जे केलं ते आधीच्या दुकानात झालंच नव्हतं. रेझिस्टन्सच्या खालचा बोर्ड जळून कोळशासारखा काळा झाला होता. कोळशातून करंट वाहतो. वर कितीही नवा भाग लावा, खालून गळती चालूच राहणार. काकांनी पात्याच्या टोकाने तो काळा भाग खरवडून काढला, खालचा पिवळसर बोर्ड दिसेपर्यंत. मग ब्रशने स्पिरिट मारून पुसला आणि बोर्डवरच्या उडालेल्या तांब्याच्या रेषेच्या जागी तांब्याची तार टाकून सोल्डर केलं. भिंगातून पाहत, न बोलता. एवढ्याशा जागेसाठी बराच वेळ गेला, आणि मला तो वेळ फार आवडला.

मग पट्टीखालची गोष्ट. मॉसफेट आणि ॲल्युमिनियमच्या मध्ये मायकाचा (अभ्रकाचा) पातळ तुकडा असतो, दोन्ही बाजूंना उष्णता पुढे नेणारी पांढरी पेस्ट. माझ्या ॲम्पमधली जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, आणि आधीच्या दुकानाने बसवलेल्या मॉसफेटच्या मागे पेस्टच नव्हती. पट्टीचे दोन स्क्रू सैल. म्हणजे सांगाड्यापर्यंत उष्णता नीट पोचतच नव्हती. बाहेरून चटका बसत होता, तर आत काय असेल!

भाग कुठून आणता, हेही मी विचारलं, कारण नकली ट्रान्झिस्टरबद्दल ऐकलं होतं. त्यांनी दोन झेड ४४ टेबलावर ठेवले. वरून दोन्ही सारखे, एकावरची अक्षरं जरा फिकी. नकली भागात आतली सिलिकॉनची चकती लहान असते. छापलेला करंट तिला पेलत नाही. चकती लहान म्हणून तिचा कपॅसिटन्सही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) कमी, आणि तो टेस्टरवर मोजता येतो. पोराने डबीतले बरेच मॉसफेट एकेक करून मोजले आणि ज्यांचे आकडे जवळपास जुळले असे चार काढले. दोन जळालेले असताना चारही का बदलायचे, तर जे वाचले त्यांनीही तोच ताप सोसला आहे, आणि ओझं वाटून घ्यायचं तर चौघं सारखे हवेत. आत येणाऱ्या विजेचे दोन कंडेन्सरही (वीज साठवणारे भाग) बदलले. त्यांची डोकी फुगली होती आणि अंगावर ८५ अंश लिहिलं होतं. नवे १०५ अंशांचे. कंडेन्सर जितका थंड राहील तितका जास्त जगतो. दर १० अंशांनी आयुष्य दुपटीने बदलतं असा कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे. नागपुरात हा हिशेब पुस्तकी राहत नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश नोंदले गेले आहेत, आणि उन्हात बंद उभी असलेली गाडी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. ॲम्प सुरू व्हायच्या आधीच त्याची ताप सोसण्याची बरीच ताकद खर्च झालेली असते.

पहिल्यांदा वीज देताना त्यांनी फ्यूजच्या जागी गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटून तसाच राहतो आणि करंट त्याच्यात अडतो, नवे भाग वाचतात. माझ्या वेळी तो क्षणभर लकाकला, कंडेन्सर भरले, आणि विझत आला. हिरवा दिवा लागला. मी टाळ्या वाजवल्या, पोरगा हसला. काका हसले नाहीत, त्यांनी दोन्ही बाजूंचं व्होल्टेज मोजलं. नंतर स्पीकरऐवजी मोठे चार ओहमचे रेझिस्टन्स जोडून ॲम्प बराच वेळ वाजत ठेवला आणि सांगाड्यावर ठिकठिकाणी तापमान मोजलं. चारही मॉसफेटच्या जागी जवळपास सारखं आलं.

कोणतंही दुकान इथे थांबलं असतं. मीही पर्स उघडली होती. पण काकांनी ॲम्प परत दिला नाही. "गाडी आणा. रविवारी सकाळी आणा, दुकानं उघडायच्या आधी. तुमचा वूफर पाहिल्याबिगर मी हे देत नाही. दिलं तर पुन्हा जळून येईन, मग तुम्ही म्हणान काकाने बरोबर केलं नाही."

रविवारी ते खाली उतरले, डिक्कीत वाकले, वूफरची तार सोडून मीटर लावलं. दोन्ही कॉइल शेजारी-शेजारी जोडलेल्या, म्हणजे पॅरलल. चार आणि चार पॅरलल म्हणजे दोन ओहम. माझा ॲम्प ब्रिज केल्यावर चार ओहमच्या खाली चालत नाही, हे त्याच्या अंगावरच बारीक अक्षरात छापलेलं आहे. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला भाराचा अर्धाच भाग दिसतो, म्हणजे बिचारा प्रत्येक चॅनेल एक ओहमवर राबत होता. फिटिंगच्या दुकानाने आवाज मोठा निघावा म्हणून तसं जोडून दिलं होतं, आणि पहिल्या दिवशी तो निघालाही होता.

मग तार. वेष्टनावर ८ गेज (तारेच्या जाडीचं माप) लिहिलेलं. काकांनी पात्याने तारेतला एक केस खरवडला, आत पांढरा. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्याच जाडीची तार असून तिच्यात जास्त व्होल्टेज मरतं. अर्थची, म्हणजे अर्थिंगची, तार सीटबेल्टच्या बोल्टखाली, रंग न खरवडता दाबलेली. गाणं लावून त्यांनी ॲम्पचं निगेटिव्ह आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर धरलं: जोराच्या ठोक्याला एक व्होल्टच्या वर. तिथे शून्याच्या जवळ काहीतरी दिसायला हवं. माझ्या ॲम्पचा वीजपुरवठा रेग्युलेटेड आहे. व्होल्टेज कमी मिळालं की तेच काम करायला तो करंट जास्त ओढतो, आणि मॉसफेट तापतात.

म्हणजे वाळलेली पेस्ट, चुकीची जोडणी, हलकी तार आणि रंगावर बसवलेलं अर्थ, हे सगळं मिळून मॉसफेट जळले होते. उन्हाळ्याने फक्त शेवटचा धक्का दिला.

काकांनी दोन्ही कॉइल एकापाठी एक जोडल्या, आठ ओहम. हे करण्याआधी मला स्पष्ट सांगितलं की आवाज कमी होईल. दोनवरून आठवर गेलं की कागदावर शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते, कानाला मात्र साधारण दोन तृतीयांश आवाज उरतो. "चालन का?" मी म्हटलं, मला डगा ऐकायचा आहे, काचा हलवायच्या नाहीत. तार तांब्याची टाकली, अर्थसाठी पत्रा चकाकेपर्यंत घासून नवा बोल्ट मारला, वर ग्रीस लावलं, आणि ॲम्प सीटच्या पाठीवरून काढून डिक्कीच्या बाजूला लाकडी फळीवर, खाचा उभ्या राहतील असा बसवला. गरम हवा खाचांतून वर निघून जाते. आधी तो गालिच्याच्या कापडाला चिकटून होता.

बिल: चार मॉसफेट, चार रेझिस्टन्स, दोन कंडेन्सर, मायका-पेस्ट आणि बोर्डची मजुरी मिळून १,४५०. तांब्याची तार, फ्यूज होल्डर आणि गाडीतलं काम १,१००. एकूण २,५५०. वहीच्या पानावर हातानेच लिहिलं होतं, पण त्यात काय बदललं आणि का बदललं हे ओळीओळीने आहे. जुने भाग पुडीत बांधून परत दिले. 'साहेबांना आणा' असं कोणी म्हटलं नाही. जे सांगायचं ते मला सांगितलं, मी दोनदा विचारलं तर दोनदा सांगितलं.

उणिवाही लिहायला हव्यात. वेळ फार लागतो. काका दिलेली तारीख पाळत नाहीत, आणि फोन उचलत नाहीत. दुपारी जेवणाला गेले की कधी परत येतील हे पोरालाही माहीत नसतं. जिना अरुंद आणि अंधारा आहे, गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी ॲम्प दुसऱ्याच्या हाती पाठवावा. कामाची हमी तोंडी, तीही महिनाभराचीच. वरच्या खोलीत पंखा आहे, पण सोल्डरचा धूर कोंडतो. ज्यांना संध्याकाळपर्यंत गाडी वाजती हवी आहे, त्यांनी इथे जाऊ नये. डी क्लासच्या नव्या ॲम्पचे अगदी बारीक, बोर्डला चिकटलेले भाग असतात, ते ते घेत नाहीत, आणि घेत नाही असं तोंडावर सांगतात.

एक मतभेदही आहे. काकांचं म्हणणं, ४५ अंशांत गाडी उभी असेल तर पहिली दहा मिनिटं काही वाजवूच नका, आधी एसीने गाडी निवू द्या. मला ते पटतं पण जमत नाही. कॉलेज सुटल्यावर पवनारचा पूल येईपर्यंत गप्प बसणं मला होत नाही. मी फक्त आवाज लहान ठेवते.

हा उन्हाळाही आता संपत आला. नागपूर-वर्धा रोजचं चालू आहे, आणि वूफर मध्येच गप्प बसलेला नाही. घरी आल्यावर मी अजूनही डिक्की उघडून ॲम्पवर तळहात ठेवते. गरम असतो, पण हात टेकवून ठेवता येतो. आवाज पहिल्यापेक्षा लहान आहे, हे खरं. पण आधी डगा नुसता फुगायचा, दोन बोल एकमेकांत मिसळायचे. आता 'घे' आणि 'धा' मधला डगा वेगळा कळतो, मींड (मनगट सरकवून काढलेली ती घुमक) कुठे सुरू झाली आणि कुठे थांबली ते ऐकू येतं. याचं श्रेय जोडणीला किती आणि नीट मिळणाऱ्या विजेला किती, ते काकांना विचारलं. ते म्हणाले, "दोघायलेही द्या."

जाणाऱ्यांसाठी: ॲम्प नेण्याआधी वूफरच्या चुंबकावरच्या स्टिकरचा आणि ॲम्पच्या तारा जोडलेल्या बाजूचा फोटो मोबाइलवर काढून घ्या, तारा सोडायच्या आधी. कोणती तार कुठे होती हे ते पहिल्यांदा विचारतात. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. पैसे यूपीआयने चालतात. सोमवारी सकाळी जाऊ नका, त्या दिवशी ते भाग आणायला बाहेर असतात.